खणात पडलेला पेन ड्राइव्ह विसरतो कसा?

मागच्या महिन्यात आवराआवर करताना खणाच्या तळाशी एक जुना पेन ड्राइव्ह सापडला. आठ-नऊ वर्षं तरी त्याला कुणी हात लावला नसावा. संगणकाला लावला, दिवा लुकलुकला, फोल्डरही दिसले. पुतणीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो उघडायला घेतले आणि तिसऱ्याच फोटोला अडखळलो. वर सगळं स्वच्छ: भिंत, फुगे, बाळाचं कपाळ. भुवयांपासून खाली नुसता करडा रंग. पुढच्या काही फाइली तर उघडल्याच नाहीत. ड्राइव्ह आपटला नव्हता, भिजला नव्हता, व्हायरसही नव्हता. तो नुसता पडून होता, आणि तेच त्याला बाधलं.

कागद पिवळा पडतो, कॅसेटला बुरशी येते, डिजिटल मात्र कायमचं, असं आपण सगळे धरून चालतो. पण शून्य आणि एक हे आकडेही कुठल्यातरी पदार्थात बसवावेच लागतात. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइलचं स्टोरेज आणि एसएसडी (संगणकातली तबकडी नसलेली डिस्क) या चौघांच्या पोटात एकाच जातीची चिप असते: फ्लॅश मेमरी. तोशिबामध्ये काम करणारे फुजिओ मासुओका यांनी ती 1980च्या दशकात घडवली. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो हे पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. मूळ कल्पना मात्र 1967 सालची, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या दावोन कांग आणि सायमन झी यांची. तिच्यावर माझा फार जीव आहे, तेव्हा जरा तपशिलात शिरतो.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. त्याच्या गेटला पुरेसं व्होल्टेज दिलं की नळ उघडतो आणि प्रवाह वाहतो. कांग आणि झी यांनी या गेटच्या खाली आणखी एक गेट ठेवलं, पण त्याला एकही तार जोडली नाही. चहूबाजूंनी विद्युतरोधकाचं वेष्टण, मध्ये हे तरंगतं गेट. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले तर ते वरच्या गेटच्या जोराला विरोध करतात आणि नळ उघडायला जास्त व्होल्टेज लागतं. मग वाचणं सोपं. मधलंच एखादं व्होल्टेज द्यायचं. प्रवाह वाहिला तर आत कुणी नाही, म्हणजे 1. नाही वाहिला तर इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे 0. गंमत बघा, पुसलेल्या कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे 1 हाच आकडा असतो.

आता खरा प्रश्न. हे तरंगतं गेट म्हणजे कुठूनच न उघडणारी डबी, तिच्यात इलेक्ट्रॉन घालायचे कसे?

डबीची भिंत सिलिकॉन डायऑक्साइडची, म्हणजे वाळूत असतं तेच रसायन, आणि जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. डोक्याचा एक केस तिच्या सुमारे दहा हजार पट जाड भरेल. लिहायच्या वेळी वरच्या गेटला साधारण 20 व्होल्ट देतात. यूएसबीतून येतात फक्त 5 व्होल्ट. बाकीचे चिपमधलाच एक छोटा पंप चढवून घेतो. वीस व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्यातला जो भाग या भिंतीवर पडतो तो तिच्या जाडीने भागून बघा: सेंटिमीटरला एक कोटी व्होल्टच्या घरातलं विद्युतक्षेत्र. एवढ्या ओढीखाली इलेक्ट्रॉनच्या वाटेतला ऊर्जेचा अडसर चौकोनी राहत नाही, एका बाजूला झुकून त्रिकोणी होतो आणि टोकाशी निमुळता पडतो. तो ओलांडायला पुरेल एवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे तेव्हाही नसतेच. पण पुंजभौतिकीत इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो, आणि ती लाट अडसरापाशी एकदम तुटत नाही, आत शिरून हळूहळू क्षीण होते. अडसर पुरेसा पातळ असेल तर ती पलीकडेही थोडी उरते. याचा अर्थ, काही इलेक्ट्रॉन भिंत न चढता आणि न फोडता पलीकडे निघतात. याला टनेलिंग म्हणतात. फाउलर आणि नॉर्डहाइम या भौतिकशास्त्रज्ञांनी 1928 साली याचं गणित मांडलं, तेही धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी. आपण मोबाइलमध्ये फोटो ठेवतो तेव्हा हा व्यवहार कोट्यवधी सेलमध्ये, म्हणजे अशा डब्यांमध्ये, होतो. पुसायचं झालं की व्होल्टेज उलटं लावायचं, इलेक्ट्रॉन आल्या वाटेने परत.

पण प्रत्येक फेरीत भिंतीला थोडी इजा होते. रेणूंचे बंध कुठे कुठे तुटतात, दोष साठत जातात आणि इलेक्ट्रॉनांना चोरवाट मिळते. म्हणून फ्लॅशला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. त्यात उत्पादकांनी आणखी एक पेच वाढवून ठेवला. एका सेलमध्ये एकच बिट, म्हणजे एकच 0 किंवा 1, ठेवायचा तर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत एवढंच बघावं लागतं. तीन बिट ठेवायचे तर भरण्याच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी सोळा. त्यामुळे लिहिताना कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हमधला कारभार बघणारी चिप, छोटा झटका देतो, पातळी तपासतो, किंचित मोठा झटका देतो, पुन्हा तपासतो. एक बिटवाली चिप लाखभर वेळा लिहून घ्यायची. तीन बिटवाल्या चिपचं आयुष्य काही हजारांत मोजतात, चार बिटांचं त्याहून कमी. (नव्या चिपांमध्ये तरंगत्या गेटऐवजी बहुधा सिलिकॉन नायट्राइडचा थर असतो आणि सेल मजल्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. 2013 साली असे 24 थर होते, आता दोनशेच्या वर आहेत. कोंडण्याचं तत्त्व मात्र तेच.)

आता माझ्या फोटोचं कोडं सुटतं. वर्षानुवर्षं एकेक इलेक्ट्रॉन झिरपत गेला, पातळ्या सरकल्या, शेजारच्या पातळीत मिसळल्या. थोड्या चुका कंट्रोलर स्वतः दुरुस्त करतो. त्या हाताबाहेर गेल्या की तो भाग वाचताच येत नाही. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक तुकडा आधीच्यावर विसंबून असतो, म्हणून एका ठिकाणी खंड पडला की खालचं सगळं चित्र जातं. चिप जितकी वापरून झिजलेली आणि जागा जितकी गरम, तितकी गळती जास्त. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची साध्या एसएसडीकडून अपेक्षा अशी: ठरलेलं सगळं लेखन संपल्यावरही विजेशिवाय 30 अंश सेल्सियसला तिने एक वर्ष मजकूर सांभाळावा. नवी ड्राइव्ह याच्या कितीतरी पट टिकते, पण पेन ड्राइव्हमध्ये कुठल्या प्रतीची चिप घातली आहे हे वेष्टनावर क्वचितच छापतात.

तेव्हा एकुलती एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून खण बंद करू नका. दोन-तीन प्रती करा, त्यातली एक फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असू द्या. वर्षा-दोन वर्षांनी पेन ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे उतरवून पुन्हा लिहा. नुसता संगणकाला लावून काढला तर इलेक्ट्रॉन पुन्हा भरले जातीलच याचा भरवसा नाही.

दुसरी मेख पुसण्यात आहे. फ्लॅशमध्ये लिहिता येतं काही किलोबाइटच्या पानावर, पण पुसायचा तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. वहीतली एक ओळ खोडायला पूर्ण वही कोरी करावी, तसं. म्हणून कंट्रोलर बदललेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या जागी लिहितो आणि जुनी पानं नंतर सवडीने साफ करतो. यासाठी त्याला मोकळी जागा लागते. एसएसडी गळ्यापर्यंत भरली की ती रखडते ती यामुळेच. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवा. डीफ्रॅगमेंटच्या, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एका जागी जुळवण्याच्या, वाटेला जाऊ नका. ते तबकडीवरच्या हलत्या डोक्यासाठी होतं, इथे त्याने फक्त भिंती झिजतात. विंडोज एसएसडी ओळखून तिला सहसा ट्रिम पाठवतं, म्हणजे कुठली पानं आता नको आहेत हे कळवतं, तेवढं चालू द्या. अँड्रॉइडमध्येही 2013 पासून ही सोय आहे. 'एका बोटात फोन तिप्पट वेगवान' म्हणणारी क्लीनर ॲप यातलं काही करत नाहीत. ती कॅशे, म्हणजे ॲपनी तात्पुरती साठवलेली माहिती, पुसतात, जी फोन लगेच परत भरतो, आणि अधूनमधून जाहिरात दाखवतात.

ट्रिमची दुसरी बाजूही आहे. एसएसडीवरून फाइल उडवली की थोड्याच वेळात ती खरोखर गेलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या कार्डावर सहसा तसं होत नाही. तिथे चुकून फोटो उडाले तर पुढचा फोटो काढू नका, कार्ड बाहेर काढा आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवा. ड्राइव्ह फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतील. तो तोडगा अडकलेल्या हार्ड डिस्कसाठी कुणीतरी काढला होता, तिथेही तो बेभरवशाचाच. चिपवर फक्त पाणी धरेल.

एसएसडी झिजेल म्हणून जपून वापरायचीही गरज नाही. 1 टेराबाइटच्या ड्राइव्हवर 600 टेराबाइट लेखनाची हमी सर्रास असते. रोज 30 गीगाबाइट लिहिले तरी ती संपायला जवळपास 55 वर्षं लागतील, त्याआधी दुसरं काहीतरी बिघडेल.

माझा ड्राइव्ह मी चार-पाच वेळा पुन्हा पुन्हा वाचायला लावला. मधलं व्होल्टेज किंचित सरकवून कंट्रोलर दर वेळी नव्याने अंदाज बांधतो, म्हणून काही फाइली तिसऱ्या खेपेला आल्या. भुवयांखालचा चेहरा आला नाही. मग ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करून काठोकाठ भरला आणि प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली. एकही चूक नाही. भिंती अजून शाबूत दिसतात, कोंडलेले इलेक्ट्रॉन तेवढे निघून गेले होते.