हेलियमचं जाळं: सेन्सरकडून फोनकडे

ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी नोंदवही) आणि इंटरनेट ऑफ थिंग्ज (इंटरनेटला जोडलेली सेन्सर, मीटरसारखी उपकरणं) यांची सांगड घालणाऱ्या स्टार्टअपांची पहिली लाट 2015 च्या सुमारास आली. जर्मनीतल्या 'स्लॉक डॉट इट'ने इथेरियम या ब्लॉकचेनवरून उघडणारी कुलपं दाखवली. ती लक्षात राहिली मात्र तिच्या माणसांनी उभारलेल्या 'द डीएओ' या सामूहिक गुंतवणूक निधीमुळे. जून 2016 मध्ये त्यातून सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचं चलन) पळवले गेले. आयोटा या दुसऱ्या जाळ्याने व्यवहारांवरचं शुल्कच काढून टाकलं, पण व्यवहार पक्के करायला त्याचा 'कोऑर्डिनेटर' हा मध्यवर्ती प्रोग्राम लागायचाच. फेब्रुवारी 2020 मध्ये वॉलेटांतून (चलन ठेवायच्या ॲपांतून) चोरी झाल्यावर तो बंद करावा लागला आणि जाळं जवळपास महिनाभर ठप्प राहिलं.

खरोखर घराघरांत पोचला तो हेलियम. 2013 साली आमिर हलीम, गाणी वाटून घेण्याच्या नॅपस्टर सेवेचे शॉन फॅनिंग आणि शॉन केरी यांनी कंपनी काढली तेव्हा त्यात ब्लॉकचेन नव्हतंच. प्रश्न साधा होता. पाण्याचं मीटर दिवसाकाठी मोजके बाइट पाठवतं, त्यासाठी सिमकार्डाचा खर्च परवडत नाही. लोरा हा कमी विजेचा रेडिओ बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतो, मोकळ्यावर काही किलोमीटर पोचतो. पण सेन्सरचे संदेश इंटरनेटवर पोचवणारे गेटवे गावभर बसवायचे कोणी? लोकांनी स्वतःच्या पैशाने डबा घ्यावा, खिडकीत किंवा गच्चीवर अँटेना लावावा आणि मोबदल्यात टोकन (विकता येणारं डिजिटल नाणं) मिळवावं, हे हेलियमचं उत्तर. 2019 मध्ये ऑस्टिनपासून सुरुवात झाली. सुरुवातीच्या हॉटस्पॉटची, म्हणजे या डब्याची, किंमत 495 डॉलर होती.

खरी मेख टोकन कशाबद्दल द्यायचं यात होती. एका हॉटस्पॉटने बीकन (रेडिओवरचा छोटा इशारा) सोडायचा आणि आसपासच्यांनी तो ऐकल्याची साक्ष द्यायची, असा नियम ठरला. 300 मीटरच्या आतली साक्ष धरायची नाही, म्हणजे एकाच इमारतीत डबे रचून कमाई होणार नाही. पण डबा कुठे आहे हे मालकच नोंदवत असे. मग एकाच खोलीत डबे ठेवून नकाशावर ते शहरभर पसरवण्याचे प्रकार सुरू झाले. सिग्नल संशयास्पद जोरदार दिसू नये म्हणून मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमजोर करणारे भाग) जोडले जात. साखळीवरची, म्हणजे ब्लॉकचेनवरची, नोंद कोणी बदलू शकत नव्हतं, पण ती मुळातच खोटी असेल तर साखळीला ते कळणार कसं? शेवटी संशयितांची काळी यादी ठेवावी लागली.

त्यात हा छोटासा डबा आधी अख्खी साखळी स्वतःच सांभाळायचा. सिंक मागे पडायचं, मेमरी कार्डं खराब व्हायची. राउटरवर 44158 हा पोर्ट उघडा नसेल तर डबा 'रिलेड' (दुसऱ्या डब्यामार्फत जोडलेला) दिसायचा आणि साक्षी हुकायच्या. इंटरनेट कंपनीने स्वतंत्र पब्लिक आयपी दिलेला नसेल, तर तो उघडणंही मालकाच्या हातात नसे. 2022 मध्ये साखळीचं ओझं डब्यावरून उतरवलं गेलं. 18 एप्रिल 2023 रोजी हेलियमने स्वतःची साखळी सोडली आणि सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवर मुक्काम हलवला. रेडिओच्या साक्षी तपासण्याचं काम साखळीबाहेरच्या 'ओरॅकल' सर्व्हरांकडे गेलं.

कमाईची अडचण हिशेबात आधीपासूनच दिसत होती. सेन्सरवाल्याने जाळं वापरण्यासाठी द्यायचे 24 बाइटना 1 डेटा क्रेडिट आणि 1 डॉलरला 1 लाख क्रेडिट, असा दर. दर 15 मिनिटांनी एक छोटा संदेश पाठवणारा सेन्सर वर्षाला 35,040 क्रेडिट वापरतो, म्हणजे जेमतेम 35 सेंट. असे हजार सेन्सर मिळाले तरी वर्षाचे 350 डॉलर, एका हॉटस्पॉटची किंमतही त्यातून निघत नाही. हॉटस्पॉटांची संख्या 10 लाखांच्या घरात गेली ती टोकनच्या भावावर, ग्राहकांवर नव्हे. जुलै 2022 मध्ये भाड्याच्या ई-स्कूटरवाली लाइम आणि सॉफ्टवेअर कंपनी सेल्सफोर्स यांनी आपण हेलियमचे भागीदार नसल्याचं सांगितलं, तेव्हा संकेतस्थळावरून त्यांची बोधचिन्हं काढावी लागली.

एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत हे डबे 915 मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, तर भारतात लोरासाठी परवानामुक्त पट्टा 865 मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. त्यामुळे तिकडून स्वस्तात आणलेला डबा इथे वापरणं नियमबाह्य, आणि भारतीय पट्ट्यातले सेन्सर त्याला ऐकूही येत नाहीत.

सप्टेंबर 2022 मध्ये टी-मोबाइल या अमेरिकी मोबाइल कंपनीशी करार झाला आणि डिसेंबर 2023 मध्ये हेलियम मोबाइल या फोनसेवेचा महिना 20 डॉलरचा प्लॅन अमेरिकाभर आला. आता फोनचा डेटा लोकांच्या वायफायवर वळवण्यावर कंपनीचा भर आहे. फोनवाला महिन्याला गिगाबाइटच्या हिशेबात डेटा ओढतो आणि त्याचे पैसे देण्याची त्याला आधीपासून सवय असते. पाण्याच्या मीटरकडून ते होणार नव्हतं.