घसा सुजतो, राखायचं असतं हृदय

मुलाचा घसा दुखायला लागला, टॉर्च लावून पाहिलं आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, की घरात अँटिबायोटिकचा विषय निघतो. पण ॲडेनोव्हायरससारखे विषाणूही तसेच ठिपके उमटवतात, आणि विषाणूंपुढे अँटिबायोटिक निकामी. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळेच दुखतात. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात स्ट्रेप) जिवाणूचा वाटा साधारण २० ते ३० टक्के. ३ वर्षांखालच्या मुलांत तर तो क्वचितच सापडतो.

नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर संशय विषाणूवर. खोकला नाही, ताप एकाएकी चढला, जबड्याखालच्या गाठी हात लावला तरी दुखतात, तर स्ट्रेप असू शकतो. खात्री करायला घशाचा स्वॅब तपासावा लागतो.

गंमत अशी की स्ट्रेपचा घसाही बहुधा आठवडाभरात आपोआप बरा होतो. अँटिबायोटिकमुळे दुखणं एखादा दिवस लवकर थांबतं, एवढंच. मग द्यायचं कशाला? या जिवाणूच्या अंगावरचं एम प्रथिन हृदयातल्या काही प्रथिनांशी मिळतंजुळतं असतं. त्यामुळे काही मुलांत जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं हृदयावरच उलटतात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा ऱ्हुमॅटिक फीव्हर. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा १० दिवसांचा कोर्स मुख्यतः तो टाळण्यासाठी असतो. तिसऱ्या दिवशी मूल हुंदडायला लागलं म्हणून औषध बंद करायचं नाही. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदय राखता येतं. म्हणजे तपासणीच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबायला हरकत नाही.

तोवर पाणी पोटात जात राहू द्या. थंड की कोमट, ते मुलाला ठरवू द्या. बर्फाने घसा बिघडत नाही, उलट बधिर होऊन आराम पडतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल, पण मात्रा वयावरून अंदाजाने नको, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. त्यातून मेंदूला आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको, बोट्युलिझमची, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जिवाणूजन्य विषबाधेची, भीती असते.

लाळ गळतेय, थुंकीही गिळवत नाही, तोंड उघडत नाही, मान ताठ झालीय किंवा श्वास घेताना घरघर होतेय, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अशा वेळी चमच्याने जीभ दाबून घसा पाहायला जाऊ नका. सुजलेली श्वासाची वाट त्याने पूर्ण बंद होऊ शकते.