‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे नक्की कोणता? नवोदितांच्या योजना आणि सांगली-साताऱ्याची पार्श्वभूमी

नवोदित संगीतकार आणि कंडक्टर (वादकांपुढे उभे राहून हाताच्या इशाऱ्यांनी सगळे वादन चालवणारा) यांना मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर काही महिने काम करू देणाऱ्या योजनांचे अर्ज हल्ली फोनवर फिरत फिरत सांगली-मिरजेपर्यंत येऊन पोचतात. त्यांत बहुधा दोन गोष्टी मागितलेल्या असतात. संगीतकाराने एका रचनेचा पूर्ण स्कोअर पाठवायचा, म्हणजे कोणते वाद्य कधी काय वाजवणार ते सगळे एकाखाली एक लिहून द्यायचे. कंडक्टरने स्वतःचा व्हिडिओ पाठवायचा, तोही वादकांच्या बाजूने काढलेला, हात आणि चेहरा दिसेल असा. दहा-बारा वर्षे यात्रा-गणपतीत स्टेज सांभाळलेल्या इथल्या पोराकडे या दोन्हींतले काहीच नसते. काम असते, पण त्याचा कागद नसतो, आणि व्हिडिओ असलाच तर तो निवेदकाचा असतो.

बाहेर ही पद्धत कशी रुजली ते थोडक्यात. अमेरिकेत टँगलवूडला १९४० मध्ये बॉस्टन सिंफनीचे कंडक्टर कुसेव्हित्स्की यांनी उन्हाळी शाळा काढली. तिथल्या पहिल्या तुकडीतला लेनर्ड बर्नस्टाईन तीन वर्षांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा सहायक कंडक्टर होता. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वाल्टर आजारी पडले आणि एकही तालीम न घेता हा पंचवीस वर्षांचा पोरगा उभा राहिला. कार्यक्रम रेडिओवरून देशभर गेला. सहायकाचे काम एरवी नीरस असते. स्कोअर मांडीवर घेऊन रिकाम्या प्रेक्षागृहात बसायचे, पितळी वाद्यांखाली व्हायोलिन दबतात का ते ऐकायचे आणि मुख्य माणसाला सांगायचे. पण ती खुर्ची असते, हे महत्त्वाचे. संगीतकारांसाठी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने २००५ पासून एक योजना चालवली: वर्षाला सहा जण, प्रत्येकाने साधारण तीन मिनिटांची रचना करायची, आणि ती अख्ख्या ऑर्केस्ट्राने वाजवून दाखवायची. चुकले तर कुठे चुकले ते वादकच सांगतात. २००५ हे साल ध्यानात ठेवा, ते आपल्याकडेही यायचे आहे.

आता आपल्या भागाकडे. १८४३ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी नाटक सुरू केले, हे सांगलीकराला सांगायला नको. एकच गोष्ट सहसा सुटते. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार आणि त्याचे झिलकरी (मागून सूर धरणारे साथीदार) म्हणत, आणि पात्रे त्यांच्या आधाराने बोलत-हलत. सगळा खेळ एका उभ्या माणसाच्या तालावर चाले. त्याला कंडक्टर म्हणणे ओढूनताणून होईल, म्हणून मी म्हणत नाही.

शिकण्याची खुर्ची खऱ्या अर्थाने आली ती संगीत नाटक कंपन्यांत. ‘मानापमान’च्या चाली १९११ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, ‘स्वयंवर’च्या १९१६ मध्ये भास्करबुवा बखले यांनी. भास्करबुवांचा शिष्य मास्टर कृष्णराव त्यांच्याबरोबर कंपनीत वावरला, आणि १९२२ मध्ये बुवा गेल्यावर गंधर्व कंपनीच्या चालींचे काम त्याच्याकडे आले. पुढे तो प्रभात फिल्म कंपनीपर्यंत गेला. ‘मेंटरशिप’ या शब्दाखाली आज जे काही छापले जाते, ते या एका साखळीत आहे: मुरलेला माणूस, शिकाऊ माणूस, आणि रोज रात्री वाजणारा साथीदारांचा संच. खुद्द बालगंधर्व नागठाण्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले; या परिसराला ही साखळी परकी नव्हती. मिरजेत तर तंबोरा बनवणारा, वाजवणारा आणि तो पुढ्यात घेऊन गाणारा एकाच गावात होते.

मिरजेचेच राम कदम बँडमधून पुढे आले, सुधीर फडक्यांचे सहायक झाले आणि १९७२ मध्ये ‘पिंजरा’चे संगीत त्यांनी दिले. बँड हा या इतिहासातला दुर्लक्षित भाग आहे. कुणी त्यावर नीट लिहायला हवे.

रेडिओचा प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकार १९३० च्या दशकाच्या शेवटी दिल्लीच्या आकाशवाणीवर होता. देशी वादकांना लिहिलेले वाचून एकत्र वाजवायला शिकवायचे, त्यांचा ऑर्केस्ट्रा उभा करायचा, असा त्याचा खटाटोप चालला होता. पेटीला मात्र त्याचा कडाडून विरोध. १९३९ मध्ये तो कलकत्त्यात वारला, प्रयोग तिथेच थांबला, आणि पेटीचा द्वेष तेवढा मागे उरला. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली, ती १९७१ पर्यंत. सांगली केंद्र सुरू झाले १९६३ मध्ये. म्हणजे पायपेटीवर नाटके पोसलेल्या गावात रेडिओ आला, आणि पहिली आठ वर्षे त्याच्या स्टुडिओत पेटीला मज्जाव. फोल्ड्सची चांगली कल्पना आपल्यापर्यंत आलीच नाही, वाईट तेवढी आली.

आणि मग ऑर्केस्ट्रा. इथला, आपला. सत्तरच्या दशकापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत गणपतीचे दहा दिवस, गावोगावच्या यात्रा आणि कॉलेजची गॅदरिंग यांवर जगणारे ताफे. अ‍ॅकॉर्डियन, दोन-तीन व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार, ढोलकी-तबला, कॉन्गो-बोंगो, ड्रमसेट, आणि एका कडेला खुळखुळा घेतलेला नवखा. हा खुळखुळा मीही काही हंगाम हलवला आहे, म्हणून पुढचे जरा आपुलकीने लिहितो आहे. वाचणाऱ्याने तेवढी सूट धरावी.

त्या ताफ्यात शिकणे कसे चाले? सिनेमातले गाणे बसवायचे तर कॅसेट लावून, थांबवून, मागे घेऊन ‘पीस काढायचे’. मुंबईच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनच कितीतरी असायची, आपल्याकडे दोन. मग तो सगळा ओघ अ‍ॅकॉर्डियनने घ्यायचा की सॅक्सने? बासरीवाला नाही, तर ती जागा व्हायोलिन वरच्या सप्तकात भरेल का? गायिकेची पट्टी पेटीवरच्या काळी चारवरून पांढरी सहावर नेली, तर ट्रंपेटवाल्याचे काय हाल होतील? क्लॅरिनेट आणि ट्रंपेटचा स्वतःचा सा निघतो काळी पाचमधून, हे तिथे पहिल्या आठवड्यात कळायचे. पुस्तकातून शिकणाऱ्याला हे ट्रान्सपोझिशन (एका पट्टीतले दुसऱ्या पट्टीत नेणे) म्हणून दुसऱ्या वर्षी भेटते. मोठा संच छोट्यात बसवणे ही ऑर्केस्ट्रेशनची उत्तम तालीम आहे, आणि आमच्याकडे ती यात्रेच्या सुपारीपोटी होत होती. इशारा बहुधा अ‍ॅकॉर्डियनवालाच द्यायचा, मानेने, कारण हात अडकलेले. त्याला ‘मास्तर’ म्हणत. कंडक्टर कुणी म्हणत नसे. आजही घरी सांगून पाहा की मला कंडक्टर व्हायचे आहे. आई विचारेल, डेपो कोणता मिळतोय, इस्लामपूर की विटा?

हा मास्तर आजारी पडला की खालच्या कुणाला तरी मान हलवावी लागे. बर्नस्टाईनचा प्रसंग वाचताना मला हेच आठवते, रेडिओ तेवढा आमच्याकडे नव्हता.

ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आला, पाठोपाठ ऑक्टोपॅड. एकट्या कीबोर्डवाल्याने व्हायोलिन, बासरी, सॅक्स असे सगळे घेतले. कॉन्गो, बोंगो, डफ, खुळखुळा पॅडवर गेले. ताफ्याला गाडी लहान पुरू लागली, मंडळांना बिदागी कमी द्यावी लागे, कुणाची तक्रार नव्हती. नंतर ट्रॅक आले आणि नुसता गायक उरला. यात दोष कुणाला द्यायचा नाही. पण सगळ्यात आधी गेली ती कडेची खुर्ची, नवख्याची.

आता २००५. त्या वर्षी राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी आणली. तेव्हाचे गृहमंत्री आपल्याच तासगाव तालुक्यातले, त्यामुळे इथे त्या निर्णयाबद्दल आजही दोन शब्द जपून बोलतात. बड्या तारांकित हॉटेलांना त्यातून सूट होती, आणि याच मुद्द्यावर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा स्थगिती, २०१६ चा नवा कायदा, २०१९ मध्ये त्यातल्या काही अटी रद्द. बंदी बरोबर की चूक, या वादात इथे शिरायचे नाही. त्यात पोटावर पाय आलेल्या बायकांचा प्रश्न संगीतवाल्यांच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा होता.

पण एका शब्दाचे काय झाले ते बघा. नाच बंद झाला तरी बारमध्ये गाणे-वाजवणे परवान्यावर चालू शकत होते, आणि त्या परवान्याचे नाव ऑर्केस्ट्रा. बघता बघता ‘ऑर्केस्ट्रा बार’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला, तोही पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतच. परवान्याच्या अटींत स्टेजवर चार पुरुष आणि चार स्त्रिया असा आकडाच होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांची ही वाटणी रद्द केली. एकूण आठची मर्यादा राहिली. जगात ऐंशी-नव्वद वादकांच्या संचाला ऑर्केस्ट्रा म्हणतात. सरकारदप्तरी आमच्या राज्यात आठांत भागते, गायक धरून.

अट बारपुरती होती, यात्रेच्या स्टेजला तिचा संबंध नव्हता, हे खरे. पण शब्द एकदा डागाळला की तो कुणाच्या दाराबाहेर थांबत नाही. फलकांवर ‘ऑर्केस्ट्रा’च्या जागी ‘स्वरसंध्या’, ‘सुरेल मैफल’, ‘म्युझिकल नाइट’ अशी नावे दिसू लागली. क्लासला मुलगी पाठवणारे आईबाप ‘ऑर्केस्ट्रात नाही ना वाजवायचं?’ असे विचारून घेऊ लागले. माझ्या मते, निर्णय घेणाऱ्यांनी परवान्याला दुसरे कोणतेही नाव दिले असते तर सरकारचे काही बिघडले नसते. ‘वाद्यवृंद’ हा बरा शब्द हाताशी होता. दिल्लीच्या आकाशवाणीने १९५२ मध्ये आपल्या संचाला तोच दिला होता. तो आम्हीही उचलला नाही, कारण तो २६ जानेवारीच्या कार्यक्रमासारखा वाटतो. तर ज्या वर्षी लंडनमध्ये नव्या संगीतकारांना ऑर्केस्ट्राची दारे उघडत होती, त्याच वर्षी इथे ‘मी ऑर्केस्ट्रात होतो’ हे वाक्य अनुभवाच्या रकान्यात लिहायची चोरी झाली.

दुसरा गुंता ‘संगीतकार’ या शब्दाचा, पण तो लवकर उलगडतो. आपल्याकडे चाल लावतो तो संगीतकार. हिंदी सिनेमात चालीभोवती वाद्ये लिहिणारा वेगळा, त्याला अरेंजर म्हणायचे, आणि तो बहुधा गोव्याच्या चर्चशाळेत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकून आलेला. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून स्वतःच्या रचना वाजवल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. ते धाडस टिकले नाही. बाहेरच्या अर्जात जो ‘कंपोजर’ असतो तो आपला अरेंजर अधिक चाल लावणारा, असा दुहेरी माणूस. नुसती चाल घेऊन गेलेला तिथे बसत नाही.

संगीत लिहायची लिपी आपल्याकडे नव्हती असेही नाही. पलुसकरांचे गायनाचे शिक्षण मिरजेचे, त्यांची स्वरलिपी मात्रेचा बारीक भागही दाखवते. भातखंड्यांची सोपी, म्हणून ती जास्त पसरली. दोन्ही लिपींचा भांडणासकट इतिहास मोठा आहे. पण त्या एका गळ्यासाठी घडल्या. चार वाद्ये एकाच वेळी चार वेगळ्या गोष्टी करतात, हे त्यांत मांडायची सोयच नाही, कारण तशी गरज नव्हती.

मुंबईत २००६ मध्ये देशातला पहिला व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला, तोही सुरुवातीला बराचसा परदेशी वादकांच्या बळावर. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबई, अंतर एवढेच. तरी आमच्या भागातल्या मुलांना ते लंडनइतकेच लांब वाटत आले. गेल्या काही वर्षांत फरक पडला तो फुकट मिळणाऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरने. पोरे आता घरी बसून स्कोअर लिहितात, संगणक तो वाजवूनही दाखवतो. अडचण अशी की संगणकातला क्लॅरिनेटवाला कधी दमत नाही. त्याला श्वास लागत नाही, सलग चौसष्ट मात्रा तो एका दमात काढतो.

हे तपासायला खऱ्या फुंकीचा माणूस लागतो, आणि तो अजून आहे. लग्नाच्या हंगामात सांगली-साताऱ्याच्या कोणत्याही गल्लीत संध्याकाळी कान दिला तर डीजेच्या दोन दणक्यांमध्ये एखादा ब्रास बँड ऐकू येतो. तिथे नवख्याला आजही झांजेपासून सुरुवात करू देतात. योजना आखणाऱ्यांपैकी या बँडमास्तरांना जाऊन भेटलेले मला तरी कुणी माहीत नाही. कागद घेऊन गेलेल्या एका मुलाला मात्र मी ओळखतो. मास्तरांनी त्याचा स्कोअर उलटा धरला, मग सुलटा, आणि म्हणाले, ‘हे मला वाचता येत नाही, तू गाऊन दाखव.’ त्याने गायले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला: ‘इथं माझा माणूस श्वास कुठं घेणार?’

मुलाने तिथेच पेन्सिलने स्वल्पविराम घातला.