वेगवेगळ्या काळांतील हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तुलना

वेगवेगळ्या काळांत लढलेल्या, एकमेकांसमोर कधीच न आलेल्या जड वजनगटातील मुष्टियोद्ध्यांमध्ये थोर कोण, हे ठरवण्याचा खटाटोप. क्रीडापत्रकार आणि प्रशिक्षक तो जितक्या हिरिरीने करतात, तितक्याच हिरिरीने शौकीनही करतात. नागपूर ही काही मुष्टियुद्धाची पंढरी नव्हे. पण अमेरिकेतील शनिवार रात्रीची मोठी लढत इथे रविवारी सकाळी, तर्री-पोह्यांच्या वेळेला दिसते, आणि मग पानठेल्यावर ‘अली की टायसन’ (म्हणजे मुहम्मद अली की माइक टायसन) हा विषय निघायला फारसे निमित्त लागत नाही.

वाद चिघळतो तो बहुधा दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे. समोरासमोर कोण जिंकला असता, हा एक प्रश्न. आपापल्या काळात कोणी जास्त कमावले, हा दुसरा. रॉकी मार्सियानोने 49 लढतींपैकी 49 जिंकल्या, त्यांतल्या 43 नॉकआउटने, आणि 1956 मध्ये तो अपराजित निवृत्त झाला. त्याचे वजन मात्र 84-85 किलोच्या आसपास असे. आज हेवीवेट गट सुरू होतो तोच 90.7 किलोच्या पुढे. म्हणजे त्याला खालच्या क्रूझरवेट गटात लढावे लागले असते. 2.06 मीटर उंचीच्या टायसन फ्युरीसमोर त्याला उभे करून ‘बघा, टिकणार नाही’ म्हणणे सोपे आहे. त्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, दुसऱ्याचे नाही.

नियमांतील बदल हा या तुलनेतला सर्वांत कमी लक्षात घेतला जाणारा भाग. 1889 मध्ये जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी 75 फेऱ्या लढले. पुढे हातमोजे आले आणि विजेतेपदाची लढत 15 फेऱ्यांवर स्थिरावली. 1982 मध्ये कोरियाचा हलक्या वजनगटातील खेळाडू किम डुक-कू लढतीतील दुखापतीने दगावला आणि त्यानंतर हळूहळू सगळ्या संघटनांनी 12 फेऱ्यांची मर्यादा स्वीकारली. या तीन फेऱ्यांची किंमत केवढी, हे दोन लढतींवरून कळते. 18 जून 1941 रोजी न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन हा वजनाने बराच हलका खेळाडू जो लुईला चकवत राहिला. 12 फेऱ्या संपल्या तेव्हा पंचांच्या तीन गुणपत्रिकांपैकी दोनवर कॉन पुढे होता आणि तिसरीवर बरोबरी होती. तेराव्या फेरीत तो अंगावर धावून गेला आणि लुईने त्याला आडवे केले. 23 सप्टेंबर 1952 रोजी फिलाडेल्फियात तसेच घडले: तिन्ही गुणपत्रिकांवर जर्सी जो वॉलकॉट पुढे, आणि तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजव्या हाताचा एकच ठोसा. आजच्या नियमाने पहिल्या लढतीत लुईचे विजेतेपद जाते आणि दुसरीत 49-0 हा आकडाच उरत नाही. अर्थात 12 फेऱ्याच आहेत हे ठाऊक असते तर चौघेही वेगळे लढले असते. म्हणूनच जुना निकाल नव्या नियमात नुसता उचलून ठेवता येत नाही.

‘आताचे खेळाडू धिप्पाड, जुन्यांचा पाड लागणार नाही’ हा युक्तिवाद वाटतो तेवढा भक्कम नाही. 1919 मध्ये सुमारे 85 किलोच्या जॅक डेम्प्सीने 111 किलोच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. 1935 मध्ये लुईने अगडबंब प्रिमो कार्नेराला लोळवले. मे 2024 मध्ये रियाधला ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला हरवून चारही मुख्य संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे एकत्र केले. उसिक त्याच्यापेक्षा बराच बुटका, हलका आणि क्रूझरवेटमधून वर आलेला. डेम्प्सीची एक सवलत मात्र विसरू नये. प्रतिस्पर्धी पडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जायचे बंधन तेव्हा नव्हते, त्यामुळे विलर्ड उठेपर्यंत तो शेजारीच उभा राहू शकत होता.

थोरांच्या जुन्या याद्यांना खरी भगदाडे पाडली ती वर्णभेदाने. जॅक जॉन्सनला संधीसाठी तेव्हाचा जगज्जेता टॉमी बर्न्स याचा पिच्छा पुरवत सिडनी गाठावे लागले. तिथे 26 डिसेंबर 1908 रोजी तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. 1915 मध्ये तो हरला आणि 1937 मध्ये लुई जिंकेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला या किताबासाठी लढू दिले गेले नाही. सॅम लँगफर्ड आणि हॅरी विल्स यांची उमेदीची वर्षे अशीच वाया गेली. खुद्द जॉन्सननेही जगज्जेता असताना कृष्णवर्णीय आव्हानवीराशी किताबासाठी एकच लढत दिली, 1913 मध्ये पॅरिसला. डेम्प्सीला थोर ठरवताना ज्यांच्याशी तो लढला नाही त्यांची नावेही समोर ठेवावीत. या कसोटीवर लुई (1937 ते 1949, किताबाचे 25 वेळा रक्षण) आणि सनी लिस्टन, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन या तिघा जगज्जेत्यांना हरवणारा मुहम्मद अली हे दोघे उरलेल्यांच्या पुढे जातात. त्यांच्यातला पहिला कोण, यावर एकमत नाही.

यंत्राकडून निवाडा करून घेण्याचाही प्रयत्न झाला. 1967 मध्ये मरे वोरोनर या अमेरिकी निर्मात्याने संगणकाच्या आधारे रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली. तीत अली जुना जगज्जेता जेम्स जेफ्रीज याच्याकडून हरला, म्हणून खऱ्या अलीने दावा ठोकला. पुढे अली आणि मार्सियानो यांच्यात कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूची लढत चित्रित झाली. ती जानेवारी 1970 मध्ये दाखवण्यात आली, तोवर मार्सियानो विमान अपघातात गेला होता. अमेरिकेत मार्सियानो जिंकलेला दिसला, युरोपात अली. संगणकाचीही माणसांइतकीच पंचाईत झाली म्हणायची.

पुराव्याचे स्वरूपही पिढीगणिक बदलते. नागपूरच्या आजोबांना अली भेटला तो वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून; 30 ऑक्टोबर 1974 ला आफ्रिकेतील किन्शासात अलीसमोर फोरमन कोसळला तेव्हा इथे सकाळ होती आणि त्या लढतीचे थेट चित्र बघायची सोय नव्हती. माइक टायसन टीव्हीवर आला, उसिक मोबाइलवर. जॉन्सनची मूक चित्रफीत चुकीच्या वेगाने चालवली की तो हातवारे करणारा अडाणी वाटतो. योग्य वेगात पाहिली की त्याचा बचाव दिसतो. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी 1926 मध्ये इंग्लंडच्या एमसीसी संघाविरुद्ध 11 षटकारांसह 153 धावा ठोकल्या, त्या आजच्या फलंदाजाच्या तराजूत तोलताना हीच अडचण येते.

हौशी मुष्टियुद्धाचे माप आणखी वेगळे, कारण तिथे लढत जेमतेम तीन फेऱ्यांची. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन 1972, 1976 आणि 1980 चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकूनही व्यावसायिक झाला नाही, त्यामुळे अलीशी त्याची गाठ पडलीच नाही. महिलांच्या जड गटात तर तुलनेला पुरेसा इतिहासच अजून साचलेला नाही. नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडमधील कील्से येथे 81 किलोवरील गटात युवा जगज्जेती झाली. पॅरिस ऑलिंपिकपर्यंत महिलांचा सर्वांत वरचा गट 75 किलोचाच होता, तेव्हा स्टीव्हन्सनला लावतो ते पदकांचे माप तिला लावता येत नाही.