सैनिकी सेवामुदत

सैनिकी सेवामुदत : सैन्यात दाखल होणारा माणूस जितका काळ सेवेला बांधला जातो, तो काळ. स्वेच्छेने भरती झालेल्यांची मुदत कराराने आणि सक्तीने भरती केलेल्यांची कायद्याने ठरते. ती ठरावीक महिन्यांची किंवा वर्षांची असते, अथवा ‘युद्ध संपेपर्यंत’ अशी मोकळी ठेवलेली असते. या दोन पद्धतींतील ओढाताण बहुतेक मोठ्या युद्धांत दिसते, आणि काही प्रसंगी सेनापतीने हल्ल्याचा दिवससुद्धा स्वतःच्या सैनिकांची मुदत पाहून निवडला आहे.

रोमन सम्राट ऑगस्टसने इ. स. पू. 13 मध्ये लिजनमधील (रोमन सैन्याच्या मुख्य पलटणींतील) सैनिकांसाठी 16 वर्षांची सेवा ठरवली. काही वर्षांनी ती 20 वर्षांची झाली आणि निवृत्त होणाऱ्यांना ठरावीक रक्कम देण्यासाठी इ. स. 6 मध्ये स्वतंत्र लष्करी कोष उघडण्यात आला. प्रत्यक्षात मात्र सैनिकांना मुदतीनंतरही अडकवून ठेवले जात असे. इ. स. 14 मध्ये ऑगस्टसच्या मृत्यूनंतर डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतात आणि ऱ्हाइनच्या सीमेवर जे बंड झाले, त्यात तीस-चाळीस वर्षे राबलेल्या सैनिकांची तक्रार अग्रभागी होती, असे इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. मध्ययुगीन पश्चिम युरोपात सरंजामी सेवा बहुधा वर्षाकाठी 40 दिवसांची असे. लांबलेल्या वेढ्याला ती पुरत नसल्याने राजे पगारी सैनिकांवर अधिकाधिक विसंबू लागले.

रशियात याच्या अगदी उलट टोक गाठले गेले. पीटर द ग्रेटने 1705 पासून सुरू केलेल्या भरतीत सैनिक आयुष्यभरासाठी घेतला जाई. 1793 मध्ये ही मुदत 25 वर्षांवर आणली गेली, तरी भरती झालेला तरुण गावाच्या दृष्टीने गेल्यातच जमा असे. मुदत आणखी कमी न होण्यामागे सामाजिक कारण होते. सैन्यात गेलेला भूदास (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी) कायद्याने दास्यमुक्त होत असे. त्यामुळे अल्पमुदतीची भरती केली असती, तर शस्त्र चालवण्यात तरबेज झालेली मुक्त माणसे दरवर्षी मोठ्या संख्येने खेड्यांत परतली असती, आणि जमीनदारी व्यवस्थेला ते परवडणारे नव्हते. 1861 मध्ये भूदासप्रथा संपल्यानंतरच 1874 च्या सुधारणेने सहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि नऊ वर्षे राखीव दल (घरी राहून गरज पडल्यास बोलावले जाणारे सैनिक) ही पद्धत आणली. थोडा काळ सेवा व नंतर राखीव दल हा नमुना प्रशियाने 1814 मध्येच घालून दिला होता. तेथे तीन वर्षे प्रत्यक्ष आणि दोन वर्षे राखीव सेवा असे. ब्रिटननेही 1870 च्या कायद्याने एकूण 12 वर्षांची मुदत पलटणीतील आणि राखीव दलातील सेवेत विभागली.

अल्पमुदतीचे धोके सर्वांत स्पष्ट दिसतात ते अमेरिकेच्या इतिहासात. स्वातंत्र्ययुद्धात क्वेबेकवरील हल्ला 31 डिसेंबर 1775 रोजी हिमवादळात करण्यात आला, कारण अनेक सैनिकांची मुदत त्याच दिवशी संपत होती. हल्ला फसला. वर्षभराने वॉशिंग्टनवर तीच वेळ आली. ट्रेंटनच्या विजयानंतर आणखी सहा आठवडे थांबणाऱ्यांना त्याने दहा डॉलर देऊ केले. पुढे काँग्रेसने ‘तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत’ अशी भरती सुरू केली, पण या शब्दांचा अर्थ सैनिक ‘जे आधी येईल ते’ असा लावत आणि अधिकारी ‘युद्ध संपेपर्यंत’ असा. 1 जानेवारी 1781 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले, त्यामागे थकलेल्या पगाराबरोबर हा वादही होता. वाटाघाटींनंतर हजारांहून अधिक सैनिकांना मुक्त करावे लागले.

उत्तर आणि फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये यांच्यातील अमेरिकी यादवी युद्धातही सुरुवात तशीच झाली. एप्रिल 1861 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने 75,000 सैनिक केवळ 90 दिवसांसाठी मागितले. 21 जुलै रोजी बुल रनची लढाई होत असताना पेनसिल्व्हेनियाची एक रेजिमेंट आणि न्यूयॉर्कचा एक तोफखाना मुदत भरली म्हणून परतीच्या वाटेला लागले होते. त्यानंतर तीन वर्षांची भरती हाच नियम झाला. दक्षिणेने एप्रिल 1862 च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्याने वर्षभरासाठी आलेल्यांची मुदत परस्पर वाढवून तीन वर्षे केली. उत्तरेची तीन वर्षे 1864 मध्ये संपत आली, तेव्हा फेरभरती होणाऱ्यांना 400 डॉलर आणि तीस दिवसांची रजा देण्यात आली. सव्वा लाखाहून अधिक अनुभवी सैनिक पुन्हा भरती झाले. उत्तरेचे सेनापती ग्रँट आणि शेर्मन यांच्या अखेरच्या मोहिमांना या फेरभरतीचा मोठा आधार होता.

पहिल्या महायुद्धात युद्धमंत्री किचनरच्या आवाहनावरून आलेले ब्रिटिश स्वयंसेवक तीन वर्षांसाठी किंवा युद्ध संपेपर्यंत बांधलेले होते. युद्धबंदीनंतर उद्योगांना हव्या असलेल्या माणसांना आधी सोडण्याची योजना आली. त्यांत बरेचजण शेवटी भरती झालेले असल्याने जुन्या सैनिकांत असंतोष उसळला. जानेवारी 1919 मध्ये नवा युद्धमंत्री चर्चिलने वय, सेवाकाळ आणि जखमा हे निकष लावून ही योजना बदलली. अमेरिकेत 1940 ची सक्तीची सेवा 12 महिन्यांची होती. ऑगस्ट 1941 मध्ये ती 18 महिन्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात 203 विरुद्ध 202 मतांनी, म्हणजे एका मताने संमत झाला. पर्ल हार्बरनंतर मुदत युद्धसमाप्तीपुढे सहा महिन्यांपर्यंत गेली.

व्हिएतनाममध्ये सक्तीने घेतलेल्या सैनिकाची सेवा दोन वर्षांची असली, तरी युद्धभूमीवरील फेरी साधारण 12 महिन्यांची असे. सैनिक तुकडीने न बदलता एकेकटे बदलले जात, त्यामुळे मिळवलेला अनुभव तुकडीत टिकत नसे. इराक युद्धात याउलट, करार संपलेल्या अनेक अमेरिकी सैनिकांना आदेशाने सेवेत रोखून धरण्यात आले. रशियात 21 सप्टेंबर 2022 च्या अंशतः लामबंदीच्या (युद्धासाठी राखीव माणसांना सेवेत बोलावण्याच्या) हुकमाने कंत्राटी सैनिकांचे करार लामबंदी संपेपर्यंत चालू ठेवले. करारावर लिहिलेली अखेरची तारीख त्यामुळे निरर्थक ठरली.