स्थानांतरण (भूमिती)

आकृतीतील प्रत्येक बिंदू एकाच दिशेने व सारख्याच अंतराने सरकवणारे रूपांतरण. दिशा व अंतर ही दोन्ही एकाच सदिशात येतात, म्हणून सदिश दिला की स्थानांतरण पूर्णपणे ठरते. लांबी, कोन व शिरोबिंदूंचा फेर (ते घड्याळाच्या दिशेने येतात की उलट) बदलत नाही. सदिश शून्य नसेल तर एकही बिंदू जागेवर राहत नाही. सदिशाला समांतर असलेली रेषा मात्र अखंड स्वतःवरच येते.

क(१, २), ख(४, २), ग(२, ५) हा त्रिकोण (३, −४) या सदिशाने, म्हणजे उजवीकडे ३ व खाली ४, सरकवल्यास क′(४, −२), ख′(७, −२), ग′(५, १) मिळतात. उलट दोन्ही आकृत्या दिल्या असतील, तर प्रतिमेच्या शिरोबिंदूतून त्याच्याच जोडीचा मूळ शिरोबिंदू वजा करावा. आकृत्यांमधील मोकळी जागा मोजणे ही नेहमीची चूक. येथे मूळ त्रिकोणाची उजवी कड व प्रतिमेची डावी कड एकाच उभ्या रेषेवर येते, म्हणजे आडवी फट शून्य. सदिशाचा आडवा घटक मात्र ३. वजाबाकी उलटी केल्यास (−३, ४), म्हणजे प्रतिमेला मूळ जागी आणणारा सदिश येतो. वक्राच्या समीकरणात चिन्ह बदललेले दिसते: य = क्ष² हा अन्वस्त याच सदिशाने सरकवला की य + ४ = (क्ष − ३)² होतो, कारण नव्या वक्रावरील (क्ष, य) हा बिंदू (क्ष − ३, य + ४) येथून आलेला असतो.

सदिशाच्या कल्पनेचे श्रेय कोणाला, याबद्दल एकमत नाही. बलांचा समांतरभुज चौकोन न्यूटन यांच्या १६८७ च्या ग्रंथात आहे, पण तेथे सदिश ही स्वतंत्र राशी नाही. कॅस्पर वेसेल यांनी दिष्ट (दिशा ठरवून दिलेल्या) रेषाखंडांची बेरीज मांडली. तो निबंध १७९९ मध्ये छापला गेला, पण जवळजवळ शतकभर दुर्लक्षित राहिला. हॅमिल्टन (१८४३) व ग्रासमान (१८४४) यांची नावे सामान्यतः पुढे केली जातात. तथापि स्थानांतरणापुरते पाहता जूस्तो बेल्लावितीस यांचे १८३० नंतरच्या काही वर्षांतील काम अधिक जवळचे वाटते: समान लांबीचे, समांतर व एकाच दिशेचे रेषाखंड त्यांनी तुल्य मानले, आणि सदिश कोठेही काढला तरी तोच राहतो याचा अर्थ हाच. आजची लेखनपद्धती मुख्यतः गिब्ज व हेविसाइड यांची.

लागोपाठच्या स्थानांतरणांत सदिशांची बेरीज होते व क्रमाने फरक पडत नाही. परिभ्रमण मिसळले की पडतो: (१, ०) हा बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट ९०° फिरवून मग (३, −४) ने सरकवल्यास (३, −३) येथे जातो, आधी सरकवून मग फिरवल्यास (४, ४) येथे. एकमेकींपासून अ अंतरावरील दोन समांतर रेषांतील लागोपाठ परावर्तने मिळून त्या रेषांना लंब असे २अ लांबीचे स्थानांतरण होते. २ × २ आव्यूह (ओळी व स्तंभांत मांडलेल्या संख्या) आरंभबिंदू हलवू शकत नाही, त्यामुळे संगणकीय आलेखनात बिंदूला १ हा तिसरा घटक जोडून ३ × ३ आव्यूह वापरतात. सदिशाचे घटक त्याच्या शेवटच्या स्तंभात बसतात.