फर्ग्युसन: २०१४ च्या आधीचं गाव

फर्ग्युसन म्हटलं की २०१४ चा ऑगस्ट, पोलिसाच्या गोळीनं मेलेला ब्लॅक तरुण मायकल ब्राउन आणि टीव्हीवर दिसलेला अश्रुधूर, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं, सेंट लुईस शहराजवळचं, तेव्हा २१ हजार वस्तीचं हे गाव एका दिवसात नाही पेटलं.

सुरुवात रेल्वेची. १८५५ मध्ये विल्यम फर्ग्युसननं रेल्वेला १० एकर जमीन दिली, बदल्यात स्टेशन बांधायचं आणि त्याला नाव आपलं द्यायचं असा सौदा! मग शहरात कामाला जाणारी मंडळी राहायला आली आणि १८९४ ला रीतसर सिटी झाली.

शेजारीच किनलॉक, ब्लॅक लोकांचं गाव. मधल्या हद्दीवर फर्ग्युसनवाल्यांनी एक रस्ता चक्क साखळी लावून बंद केलेला, दुसरा दिवसा उघडा ठेवायचे कारण घरकाम करणाऱ्या आणि मुलं सांभाळणाऱ्या बायका तिकडूनच यायच्या. हे १९६० च्या दशकापर्यंत चाललं. १९७० मध्ये फर्ग्युसनमध्ये ब्लॅक वस्ती जेमतेम १ टक्का, २०१० मध्ये ६७ टक्के. गोरे आणखी लांब सरकले, आणि किनलॉकची घरं एअरपोर्टनं विकत घेऊन पाडल्यावर तिथले लोकही आसपासच्या गावांत पांगले.

पण माझ्या मते खरी मेख पैशात आहे. सेंट लुईस शहर १८७६ मध्येच काउंटीपासून (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागापासून) वेगळं झालं, आणि उरलेल्या काउंटीत पुढे नव्वदेक चिमुकल्या नगरपालिका झाल्या, कित्येकांचे पोलीस वेगळे, कोर्ट वेगळं, मग एवढ्याशा गावानं खर्च भागवायचा कुठून तर दंडातून. फर्ग्युसननं २०१५ च्या सव्वातेरा मिलियन डॉलरच्या बजेटमध्ये तीन मिलियनच्या वर रक्कम दंड आणि फीची धरली होती. केंद्राच्या न्याय खात्याच्या रिपोर्टमध्ये एका बाईची केस आहे, २००७ मध्ये एकदा गाडी चुकीची लावली, दंड १५१ डॉलर, तारखा चुकल्या म्हणून सहा दिवस जेल, ५५० डॉलर भरूनसुद्धा सात वर्षांनी ५४१ बाकीच! त्या काळात पोलिसांनी अडवलेल्या गाड्यांत ८५ टक्के ड्रायव्हर ब्लॅक, आणि ५४ पोलिसांत ब्लॅक फक्त चार.

२०१६ मध्ये पोलीस-कोर्ट सुधारायचा करार आला तेव्हाही फर्ग्युसनच्या कौन्सिलनं खर्च परवडत नाही म्हणून अटी घातल्या, दुसऱ्याच दिवशी न्याय खात्यानं केस ठोकली, मग महिन्याभरानं मुकाट्यानं सही.